कानबाईच्या मखरात गेलेल्या मिरच्या

नंदुरबारला आमच्या मागच्या खोलीतल्या टेबलावर त्या श्रावणात मिरचीची एक पथारी मांडलेली होती. शहराबाहेर रस्त्याच्या कडेला असते तशीच. ओली मिरची वाळत घालायचे मोकळे मैदान, कडेला पत्र्याची शेड, शेडखाली देठ खुडणाऱ्या बायका, वजनकाटा, एक टेम्पो आणि नजर जाईल तिथवर लाल. फरक इतकाच की आमची पथारी दाराच्या फळीएवढी होती आणि सगळी प्लास्टिकच्या, एकमेकांत अडकणाऱ्या ठोकळ्यांची होती.

ठोकळे घरात आले ते मुलीसाठी. ती लहान असताना एक खोका आणला होता. तिने तो महिनाभरात सोडला, मी सोडला नाही. ती नोकरीला पुण्याला गेली तोवर खोके कपाटातून पलंगाखाली आणि पलंगाखालून माळ्यावर पोचले होते. वर्तमानपत्राच्या कचेरीत माझे काम इतरांनी पाठवलेल्या बातम्या कापून ठरलेल्या जागेत बसवण्याचे. घरी येऊन मी जवळपास तेच करतो, फक्त इथे काही कापावे लागत नाही.

रंगानुसार वर्गवारी करायला डबे लागतात. सुरुवातीला मी स्वयंपाकघरातले घेतले. एकदा बायकोने घाईत तेलात मोहरी टाकली आणि मोहरीबरोबर एक बारीक काळा तुकडाही गेला. मोहरी तडतडली, तुकडा वितळला, फोडणी आणि कढई दोन्ही बाद झाल्या. त्या दिवशी डब्यांची कायमची वाटणी झाली. "मन्हा डबासले हात लावाना नही आनि तुम्हना डबा मन्हा स्वयंपाकघरमा येवाना नही," एवढेच ती म्हणाली. तेव्हापासून दोन्ही बाजूंनी कलम पाळले जाते.

नवे खोके क्वचित. बहुतेक माल सुरतेहून येतो. तिथला एक व्यापारी जुनी खेळणी वजनावर विकतो. तो गोणी महामार्गावरच्या बसमध्ये टाकतो आणि ती मी विसरवाडीच्या फाट्यावर उतरवून घेतो. एका कंडक्टरने गोणी हलवून पाहिली. आतून खळखळ आवाज आला.

"काय शे एन्हामा?"

"ठोकळे. खेळायचे."

"नातूसाठे का?"

"माझ्यासाठी."

त्याने माझ्याकडे, मग माझ्या पिकलेल्या केसांकडे पाहिले आणि गोणी माझ्या हातात अदबीने, सांभाळून दिली. आजारी माणसाला देतात तशी.

या गोण्यांमध्ये अधूनमधून एक लाल, वाकडा, टोकदार तुकडा सापडायचा. बनवणाऱ्यांनी तो कुठल्यातरी राक्षसाच्या पंजाचे नख म्हणून काढला असावा. नंदुरबारच्या माणसाला तो मिरची दिसतो, दुसरे काही दिसूच शकत नाही. काही वर्षे मी ती नखे निवडून एका बरणीत टाकत गेलो. बरणी भरली तेव्हा पथारी करायचे ठरवले.

पथारी पूर्ण झाल्यावर सुट्टीला आलेल्या मुलीने तिचा फोटो काढला आणि मला न विचारता पुण्याला पाठवून दिला. तिथे मोठ्या माणसांचे, म्हणजे माझ्यासारख्यांचे, ठोकळ्यांचे प्रदर्शन भरणार होते. उत्तर आले: काम निवडले आहे, फोटोत आहे तसे घेऊन या. तोवर माझे काम पाहिलेल्यांमध्ये घरची माणसे, पेपरवाला आणि गॅस सिलिंडर आणणारा एवढेच होते. शेजारच्या बाईंनी एकदा विचारले होते की मुलगी मोठी झाली तरी हे टाकत का नाही. हे काम समजणाऱ्या माणसांनी ते पाहावे, असे मला वाटत होते. किती वाटत होते ते उत्तर आल्यावर कळले. टेबलाजवळून जाताना मी श्वास रोखून जाऊ लागलो.

प्रदर्शनाच्या आधीच्या रविवारी कानबाई होती.

खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी: नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. चौरंगावर नारळाच्या रूपात देवी, भोवती मखर, रात्रभर गाणी, सोमवारी नदीवर विसर्जन. सुरत, नाशिक, पुणे, जिथे कुठे असतील तिथून भाऊबंद मूळ गावी येतात. आमचे मूळ गाव कोरीट आणि कानबाई बसते ती दादाच्या, म्हणजे माझ्या मोठ्या भावाच्या घरी. घरातल्या प्रत्येक पुरुषामागे गहू मापून घेतात, त्याचे रोट, म्हणजे जाड पोळ्या, करतात. रोट भाऊबंदांनीच खायचे. त्यातला तुकडासुद्धा बाहेरच्याला द्यायचा नाही, टाकायचा नाही, पुनवेच्या आत संपवायचे. हा नियम आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही पाठ असतो.

मखर दरवर्षी दादा करतो. बांबू, केळीचे खांब, वर रेशमी कापड. त्या वर्षी शेतातून येताना तो मोटारसायकलसकट बांधावरून घसरला आणि उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. त्याचा फोन आला.

"यंदा मखर तू कर."

मी म्हणालो, मला बांबू बांधता येत नाहीत.

"तुले काय बांधता येस?"

मी म्हणालो, ठोकळे.

"मंग ठोकयास्नं कर. इतला वरीस खेळी ऱ्हायना, एकदा ते देवीना कामले येऊ दे."

ही चेष्टा होती की आज्ञा, हे दादाच्या बाबतीत फोनवर ओळखता येत नाही. मी ती आज्ञा समजलो. पांढरे, पिवळे, हिरवे असे सगळे डबे गाडीत भरले आणि शुक्रवारी बायको आणि मी कोरीटला गेलो. मुलगी पुण्याहून परस्पर आली.

चार खांब उभे केले, खांबांवर वेल चढवली, वर कमान. कमानीत एक छोटी उघडझाप होणारी खिडकी बसवली. तिचे काही काम नव्हते, पण मला ती आवडते. काम चांगले चालले होते. अडचण आली ती शनिवारी दुपारी. चौरंगाच्या पुढचा भाग लाल हवा, असे वहिनी म्हणाली आणि माझ्याकडचे लाल ठोकळे तळालाच संपले. कमानीला झालर नव्हती, देवीमागे उगवता सूर्य करायचा राहिला होता. मखर उघडेबोडके दिसत होते.

नंदुरबार जवळच. मी घरी जाऊन पथारीवरच्या सगळ्या मिरच्या बरणीत भरून आणल्या. खालच्या लाल चकत्याही काढल्या. मंगळवारी परत लावता येतील, असा हिशेब. झालर झाली. नखांचा सूर्य तर असा झाला की दादा आत आला, बघत उभा राहिला आणि "बरं शे" म्हणाला. दादाच्या तोंडून एवढी स्तुती मी पूर्वी एकदाच ऐकली होती, आणि तीही एका बैलाची.

रविवारी कानबाई बसली. भाऊबंदांनी घर भरले. गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी, खीर, रोट. मखराचे फोटो इतक्या मोबाइलमध्ये गेले की दर्शनाची रांग पुढे सरकेना. सुरतेच्या चुलत भावाची सून म्हणाली, हे विकत मिळते का. मुलीने माझ्याकडे बोट दाखवले. मी खांब तपासत असल्याचे दाखवले.

सोमवारी सकाळी बायका वाजतगाजत विसर्जन करून परतल्या. मी डबे ओळीने मांडले आणि झालरीची पहिली रांग उचकटली. ठोकळा सुटताना बारीकसा टक् आवाज होतो. ओट्यावर मोठी माय बसली होती. मोठी माय म्हणजे आमच्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको, सगळ्या भाऊबंदांत वयाने वडील. तिला एरवी ट्रॅक्टर गेलेला ऐकू येत नाही. हा टक् तिने ऐकला.

"काय मोडी ऱ्हायना रे?"

"मखर सोडी ऱ्हायनू, मोठी माय."

"कोनी सांगं तुले?"

"ठोकया मन्हा शेतस."

"काल लगून तुन्हा व्हतात. आते कानबाईना शेतस."

मी हसलो. बाकी कोणी हसले नाही. मोठी माय उठून आत आली आणि चौरंगाजवळ बसली.

"मखरना बांबू कोनले दिधा का कधी? लगीनले तरी दिधा का?"

नव्हता दिला. गल्लीतल्या एकाने मांडवासाठी मागितला होता, तेव्हा मीच त्याला दारातून परत पाठवले होते. मखराचे कापडही वर्षभर माळ्यावर असते, बाहेर जात नाही. रोटाचा नियम तोच मखराचा, हे मला माहीत होते. बांबू आणि कापडाबाबत माहीत होते. प्लास्टिकलाही तो लागू होईल हे मनात आले नव्हते आणि बरणी आणताना मला कोणी अडवलेही नव्हते, कारण बाकीच्यांना वाटले की मी ठोकळे देवीला दिले.

मी प्रदर्शनाचे सांगितले. पुण्याला न्यायचे, दाखवायचे, परत आणायचे.

"पुनाना लोके आपला भाऊबंद शेतस का?"

"नही."

"मंग?"

मुलगी पुढे झाली. "मोठी माय, ते काही खावाना नही शेतस व. नुसतं देखतीन."

मोठी मायने यावर थोडा विचार केला. "देखाले कोनी नही म्हनत नही," ती म्हणाली. "पन मोडाना नही." म्हणजे लोकांना पुण्याहून कोरीटला येऊन मखर पाहण्याची परवानगी होती.

त्या वेळी मला जे दिसत होते ते असे: एक पूर्ण मखर, जे कायम तसेच राहील, आणि त्यात अडकलेली माझी सगळी पथारी. या छंदात मोडणे हे अर्धे काम आहे. न मोडता येणारे ठोकळे म्हणजे नुसती भिंत. मी दादाकडे पाहिले. दादा गळ्यातल्या झोळीत हात टाकून घराच्या खांबाला टेकला होता आणि मजेत होता.

"मोठी माय," तो म्हणाला, "रोट आपन आख्खं ठेवतस का मोडीसन खातस?"

"आख्खं कसं खाशी? मोडीसनच."

"मंग मखरबी मोडानं."

मला दादाचा हात, प्लास्टरसकट, धरावासा वाटला. तेवढ्यात त्याने वाक्य पूर्ण केले.

"आनि भाऊबंदमा वाटानं."

घरात एकदम आनंद पसरला. मोठी मायच्या चेहऱ्यावर तर सरळ समाधान दिसले. नियम मोडला नव्हता, उलट त्याला एक पोटनियम मिळाला होता. बायकोने माझ्याकडे बघून पदर तोंडाला लावला. ती हसत होती हे मला डोळ्यांवरून कळले.

वाटणी गव्हाच्याच मापट्याने झाली. मी मोडत गेलो, मोठी माय मापटे भरत गेली. लोक रुमाल, डबे, ब्लाउजपीस घेऊन बसले होते. सगळ्यांना लाल हवे होते, कारण लाल देवीच्या सर्वांत जवळ होते. "मोठी माय, माले सूर्यमाईन दे." "झालरन्या दोन तरी टाक व." नाशिकच्या पुतण्याने नखे मोजून घेतली आणि शेजारच्याच्या रुमालात डोकावून पाहिले. एका चुलत काकांनी मापटे नाकारले आणि फक्त खिडकी मागितली. ती त्यांनी तळहातावर ठेवली, उघडली, मिटली, उघडली. मग खिशात घातली.

आमच्या घराच्या वाट्याला पुरुष एक, म्हणून मापटे एक. मोठी मायने ते माझ्या डब्यात उपडे केले आणि पुढच्याला हाक मारली.

"आनि मन्हं माप?" मुलगी म्हणाली.

"पोरीस्नं माप ऱ्हास नही."

"गहूस्नं ऱ्हास नही. ठोकयास्नं कोनी ठरायं?"

मोठी मायने इकडेतिकडे पाहिले. कोणी ठरवलेले नव्हते. तिने मापटे पुन्हा भरले, वर हाताने आणखी चार नखे ठेवली. "घे व माय. बापवरच गई शे तू."

मंगळवारी नंदुरबारला टेबलासमोर उभा राहिलो. शेड होती, काटा होता, टेम्पो होता. देठ खुडणाऱ्या बायका समोर काहीही नसताना हात पुढे करून बसल्या होत्या. आमच्या दोन मापट्यांतली नखे मैदानावर पसरून पाहिली. मिरची सांडली आहे असे दिसले. सुरतेच्या व्यापाऱ्याला फोन केला. त्याच्याकडे हिरवी नखे होती, काळी होती, लाल नव्हती. पुण्याला रविवारी पोचायचे होते. मुलगी फोनवर म्हणाली, कळवून टाकू का, येत नाही म्हणून. मी उद्या सांगतो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी कचेरीच्या एका कामासाठी शहराबाहेर जायचे होते. परतताना पथाऱ्यांच्या रस्त्याने आलो. त्या रस्त्याने मी वर्षानुवर्षे जातो. हंगामात डोळ्यांना पाणी येते, शिंका येतात, आणि बाहेरून आलेला प्रत्येक माणूस गाडी थांबवून फोटो काढतो. त्या दिवशी कोणी थांबलेले नव्हते. मैदान ओले होते. मातीच्या भेगांतून गवत वर आले होते. शेडखाली टोपल्या पालथ्या घातलेल्या, काट्यावर निळी ताडपत्री बांधलेली, टेम्पो जागेवर नाही. तीन बकऱ्या चरत होत्या. चौथी ताडपत्रीवर चढून बसली होती.

श्रावणात पथारी अशीच असते. मिरची येते दसऱ्याच्या आसपास. श्रावणात भरणाऱ्या प्रदर्शनात लाल पथारी ठेवायची म्हणजे तपशिलाची चूक होती, आणि ती चूक माझ्या फोटोत महिनाभर राजरोस उभी होती. दुसऱ्या कोणाच्या बातमीत असती तर मी पहिल्या वाचनात पकडली असती.

घरी जाऊन बायकांना डब्यात ठेवले. टेम्पो हलवला. टोपल्या पालथ्या केल्या. निळ्या ठोकळ्यांची ताडपत्री झाली, तिला घड्या पडलेल्या दाखवायला दोन संध्याकाळी गेल्या. हिरवा रंग मखराच्या वेलीत बराच वाटला गेला होता, पण सुरतेच्या त्या हिरव्या नखांची गोणी व्यापाऱ्याने तातडीने बसमध्ये टाकली. मातीत उलटे रोवले की हिरवे नख गवताचे पाते दिसते. बकऱ्या करणे सोपे नाही. पहिली कुत्रा झाली, दुसरी टेबल. बायको चहा घेऊन आली, तिने पाहिले, डब्यातून दोन तुकडे काढून दिले आणि कान खाली लावायला सांगितले. कान खाली लावले आणि बकरी झाली. आमच्या कराराच्या इतिहासात तिने माझ्या डब्यात हात घातल्याची ही पहिली नोंद.

वाट्याला आलेल्या लाल नखांचे काय करायचे हा प्रश्न होता. ती मी शेडच्या कोपऱ्यात एका उघड्या पोत्यात ठेवली. गेल्या हंगामातली उरलेली, घरच्या तिखटापुरती. अशी पोती शेडमध्ये असतात.

पुण्याच्या सभागृहात आमच्या एका बाजूला विमानतळ होता आणि दुसऱ्या बाजूला परदेशी किल्ला. आयोजकांपैकी एक तरुण यादी आणि फोटो घेऊन आला. त्याने फोटो पाहिला, टेबल पाहिले, पुन्हा फोटो पाहिला.

"यात मिरच्या होत्या ना?"

"पावसाळा आहे," मुलगी म्हणाली.

तो वाकला आणि ताडपत्रीवर बसलेल्या बकरीकडे बराच वेळ बघत राहिला. "ही चढली कशी?" त्याने विचारले. मी सांगितले की काट्याच्या मागच्या बाजूने. तो मागे जाऊन बघून आला, यादीत खूण केली आणि पुढे गेला.

विमानतळासमोर गर्दी जास्त होती, हे नोंदवले पाहिजे. पण आमच्याकडे थांबलेली माणसे वाकून बघत होती. विमानतळ बांधणारे गृहस्थ दुपारी स्वतः आले. गवताचे पाते कशाचे आहे ते त्यांनी बोट न लावता ओळखले. ताडपत्रीच्या घड्यांविषयी आम्ही बोललो. त्यांनाही असे बोलायला फारसे कोणी मिळत नसावे, कारण त्यांचा चहा गार झाला तरी त्यांच्या लक्षात आले नाही. लाल मिरच्या कुठे गेल्या हे मुलगी प्रत्येकाला सांगत होती. कथा दर वेळी वाढत होती. तिसऱ्या खेपेला मोठी माय चौरंगावर चढली तेव्हा मला खुलासा करावा लागला.

संध्याकाळी एका बाईंनी पोत्यातली एक मिरची दोन बोटांत धरून उचलायला हात पुढे केला.

"ती नका घेऊ," मुलगी झटकन म्हणाली. "तुम्ही आमच्या भाऊबंदांपैकी आहात का?"

बाईंनी हात मागे घेतला आणि गंभीरपणे विचार केला. "माहेर शिरपूरकडचं आहे," त्या म्हणाल्या. "विचारून सांगते."

पथारी परत आली ती टेबलावरच आहे. दसऱ्यानंतर खऱ्या पथाऱ्या लाल झाल्या, तेव्हा टेबलावर मात्र अजून श्रावण होता. भाऊबंदांकडून फोटो येतात. सुरतेच्या सुनेने तिच्या मापट्यातून मोर केला. नाशिकच्या पुतण्याने काय केले ते ओळखता येत नाही, पण त्याने विचारले आहे की लाल नखे आणखी कुठे मिळतात. मी सांगितलेले नाही.

दादाचे प्लास्टर निघाले आहे. पुढच्या कानबाईला मखर बांबूचे की ठोकळ्यांचे, असे मी फोनवर विचारले. मोठी मायने आधीच ठरवले होते: वाटा मिळालेल्या प्रत्येकाने आपापले मापटे घेऊन यायचे आणि मखर मी करायचे. कोण काय आणील आणि त्यातले किती हरवलेले असेल हे कळायला मार्ग नाही, त्यामुळे आराखडा करता येत नाही. एकच गोष्ट नक्की आहे. चुलत काकांनी निरोप पाठवला आहे की मखराला ते सगळी मदत करतील, खिडकी मात्र देणार नाहीत.